सुनीताच्या वाटणीची डाळ

"रक्ताच्या गोळ्या घेते ना मॅडम, रोज," सुनीता म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन साडेसात होतं. म्हणजे अंगात रक्त फारच कमी. त्यात सातवा महिना. एवढ्या रक्तावर बाळंतपण म्हणजे आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका. मी कल्याणच्या एका सरकारी दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे. बाईने काय खायचं ते सांगणं हे माझं काम.

"डाळ खातेस?"

"खाते ना."

"काल तुझ्या वाटीत किती आली?"

"वरचं पाणी होतं. डाळ पोरांना आणि सासूबाईंना वाढली. ह्यांनापण लागते, रंगकामाला जातात."

गोळ्याही सोडलेल्या. अर्ध्या पोटी घेतल्या की उलटी व्हायची.

"आधी बरं चाललेलं, मॅडम. सरकार बायकांना दर महिन्याला देतं ते पैसे यायचे, त्यात महिन्याची डाळ आणि अंडी व्हायची. मग बंदच झाले. बँकेत गेलेले मी. आले नाहीत म्हणतात."

मी आमच्या डॉक्टरांना सांगितलं, "सर, मी हिच्याबरोबर बँकेत जातेय."

"अहो, आपण डाएट सांगायचं. बँकेचं काय?"

"डाएटच बँकेत अडकलंय, सर."

त्यांनी नुसता हात हलवला. ती परवानगी समजून मी निघाले.

आंबिवलीला तिचं खातं होतं, त्या शाखेतला क्लार्क म्हणाला, "इथे काही जमा नाही."

"मग कुठे जमा झालं ते बघा. कळल्याशिवाय आम्ही हलणार नाही."

शेवटी त्याने बघितलं. सरकारी पैसे आधारवर येतात. ज्या खात्याला शेवटचं आधार जोडलेलं असतं, तिथे जातात. सुनीता मध्ये थोडे दिवस ठाण्याच्या वागळे इस्टेटला, कारखान्यात पॅकिंगला जायची. पगारासाठी तिथे दुसऱ्या बँकेत खातं उघडलेलं. उलट्यांमुळे काम सुटलं आणि खातं ती विसरून गेली. पैसे तिथे पडून होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठाण्याला गेलो.

"सिस्टीम डाउन आहे, सोमवारी या."

"हिला परत एवढा प्रवास झेपणार नाही. आम्ही बसतो."

बसलो. सुनीताचे सुजलेले पाय बघून एका ऑफिसर बाईंनी तिला खुर्ची दिली. सिस्टीम सुरू झाल्यावर सगळ्यात आधी तिचं काम केलं, साठलेले पैसे तिच्या हातात दिले.

बाहेर आल्यावर मी बजावलं, "आता अंडी घे आणि तूच खा."

"एकटी कशी खाऊ, मॅडम? सगळ्यांना पुरतील एवढी घेते. मग मला पण मिळेल."

तसंच झालं. पोटात अन्न जायला लागलं, तशा गोळ्याही टिकल्या. बाळंतपणाआधी हिमोग्लोबिन साडेनऊवर आलं. कमीच, पण रक्त चढवावं लागलं नाही. मुलगी झाली, चांगली गुटगुटीत.

भांड्यात सगळ्या घरापुरतं असल्याशिवाय बाईच्या ताटात काही पडत नाही. म्हणून आहाराचा तक्ता लिहिण्याआधी आता मी विचारते, या महिन्याचे पैसे आले का? नसतील आले तर आधी बँक, तक्ता नंतर.