आजारी कोंबडी आणि काकूंची समजूत

आज रविवार. सकाळी आईच्या दोन कोंबड्या मेलेल्या दिसल्या. तिसरी मान टाकून बसली होती. आईला जाऊन महिनाही झालेला नाही.

शेजारच्या काकूंनी तिसरी उचलली. "मरायच्या आधी कापून टाकतो. वाया कायले जाऊ देतं?"

"काकू, ठेवा खाली. बर्ड फ्लू असू शकते. कापताना माणसालेही लागण होते."

कोंबडीला लागलेला तोच हात त्यांनी माझ्या पाठीवर ठेवला. "मायची आठवण येऊन राहिली ना बाबू? समजते मले."

कोंबडी सोडवली, जनावरांच्या दवाखान्यात फोन केला. काकूंच्या घरी तान्ही नात आहे. हात धुवा म्हटलं, तर तशाच गेल्या.

घरात कोणी गेलं की आपलं साधं सांगणंही लोकांना रडणंच का वाटतं?

आता एकटाच मोरीवर शर्ट धुतला.