तलवाड्याहून खाडीकाठी, आणि मामांनी अडवलेलं पाणी

गावात टँकरपुढे घागरींची रांग लागलेली होती आणि आमच्या दूध संस्थेचे सचिव अण्णा म्हणाले, "चला, यंदा समुद्र बघून येऊ." सगळे खो खो हसले. पण अण्णा खरंच बोलत होते. संस्थेची अभ्यास सहल दरवर्षी कुठल्यातरी आदर्श गावाला जाते. तिथे आपण बंधारे बघतो, सत्कार घेतो, जेवतो आणि परत येतो. यंदा अण्णांनी पेणच्या पुढचं खाडीकाठचं एक गाव काढलं होतं. तिथे त्यांच्या जुन्या ओळखीचे काशिनाथदादा शेती करतात. "आपण पाणी यावं म्हणून एकत्र येतो, तिथले लोक पाणी येऊ नये म्हणून," अण्णा म्हणाले. खरीप करपलेला, ऊसतोडीच्या टोळ्या निघायला अजून अवकाश. क्रूझरच्या सगळ्या जागा तासाभरात भरल्या. पहिलं नाव आमच्या मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला दुसरं माझं.

मामांबद्दल आधीच सांगून ठेवते. पाणी वाया गेलेलं त्यांना बघवत नाही. दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी गळका नळ दिसला की खाली बादली लावतात.

पहाटे निघालो. गेवराईला चहा, मग उमापूरवरून शेवगाव, नगर, पुणे. हा रस्ता आता बरा आहे, पण शेवगावपर्यंत कंबर सांभाळा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा सोबत असल्याने हॉटेलचा खर्च वाचला. डिझेल आणि टोल सगळ्यांत वाटला की एसटीपेक्षा फार महाग पडत नाही. घाट उतरताना डोंगरावरून धबधबे कोसळत होते आणि पोरंपोरी त्यांच्याखाली फोटो काढत होती. मामा मात्र खिडकीला नाक लावून अस्वस्थ. "एवढं पाणी जायलंय आन् कुणीच अडवंना, बे!" त्यांनी ड्रायव्हरला सुनावलं, जणू धबधबा त्यानेच सोडला होता.

संध्याकाळी काशिनाथदादांच्या अंगणात पोचलो. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी आणि जिताड्याचं कालवण. जिताडा हा त्या भागातला मासा, गेलात तर सोडू नका. आमच्यातल्या माळकऱ्यांसाठी वालाचं बिरडं होतं, तेही झकास.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी आम्हाला बांधावर नेलं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला हिरवंगार भात, आणि मध्ये हा मातीचा बांध. भरतीच्या वेळी खाडी भातापेक्षा उंच असते, हे दादांनी दोनदा सांगितलं तेव्हा कुठे आमच्या डोक्यात शिरलं. तीन वर्षांपूर्वी उधाणात बांध फुटला आणि खारं पाणी रानात घुसलं. मीठ पावसाने धुवून निघेपर्यंत जमीन पडीक राहिली. दादांच्या त्या तुकड्यात यंदा पहिल्यांदा भात उभं होतं. त्याबद्दल बोलताना ते लोंब्यांवरून हात फिरवत होते. बांधाची राखण गाव मिळून करतं, त्याला तिथे जोळ म्हणतात. हाक आली की घरटी एक माणूस घमेलं घेऊन हजर.

दुपारी बाकीचे झोपले आणि मामा फिरायला गेले. माझाही डोळा लागला, तिथेच घात झाला.

पावसाची मोठी सर आली आणि पाठोपाठ दादांचा आवाज, "उघाडी कोनी बुजवली?" उघाडी म्हणजे बांधातलं भोक, त्याला खाडीच्या बाजूने झडप असते. ओहोटीला पावसाचं पाणी त्यातून बाहेर जातं, भरती आली की झडप आपोआप मिटते. आम्ही धावत गेलो. शेतात पाणी चढलेलं, भाताचे नुसते शेंडे वर. आणि मामा चिखलाने माखून, एखादं लग्न पार पाडल्यासारखे समाधानाने उभे.

"म्या बुजवलं," ते म्हणाले. "गोडं पाणी सारं खाडीत जायलं होतं. पेंढा, दगड, चिखल घालून पक्कं केलंय. आता थेंब जात न्हाई."

"बापू, जावाच पायजे त्यो पानी!" दादा ओरडले. "आतून फुगला आन् भायेरून भरती आली तं बांध ऱ्हायाचा नाय. परत तीन वर्सं मीठ!"

मामांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. ते पाण्यात उतरले आणि आपणच ठोकून बसवलेला दगड उपसायला लागले. काम पक्कं करायची त्यांची खोड, त्यामुळे तो निघेना. दादाही उतरले. दोघांनी मिळून तो काढला तेव्हा भोकातून पाणी धबाधबा सुटलं, पण थोडाच वेळ. भरती आली आणि झडप मिटली. अर्धं पाणी आतच. भिजून मऊ झालेला बांध एका कोपऱ्याला पाझरू लागला.

दादांनी हाक दिली. गाव आलं आणि आमची सहलही उतरली. माती-बांधाचं काम आम्हाला शिकवावं लागत नाही. रोजगार हमीवर आयुष्य गेलेल्या बायका घमेली अशा फेकत होत्या की तिथली माणसं बघत राहिली. मामा पाझराच्या तोंडाशी पाठ लावून बसले होते. खारं पाणी त्यांच्या अंगावरून कोपऱ्यातल्या भातात झिरपत होतं. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्याकडे बघून रडूही येत होतं.

भरती उतरली. बांध राहिला. उघाडीतून पाणी निघून गेलं, पण भात आडवं पडलेलं आणि चिखलाने माखलेलं. "जगतंय का, आताच नाय सांगता येनार," दादा म्हणाले. मामांनी हात जोडले. दादांनी ते खाली केले आणि म्हणाले, "चला, चाय घ्या."

तिकडे जाणाऱ्यांना एवढंच सांगते: पावसाळ्याच्या शेवटी जा, भरतीची वेळ गावात विचारून बांधावर चढा, आणि काहीही वाहताना दिसलं तर हात खिशात ठेवा.

घरी आलो. आमचा कापूस वीतभर वाढून वाळला होता, त्याची चौकशी कोणी करत नव्हतं. मामा मात्र रोज संध्याकाळी ओसरीवर बसून पेणला फोन लावायचे. "उठलं का? हिरवं हाय का?" दादाही न कंटाळता सांगायचे. कधी कोपरा पिवळा पडला, कधी नवा पाला फुटला. दोघांची बोलणी ऐकताना मला वाटायचं, सहलीतून आम्ही काय आणलं असेल तर ही काळजी. घरात दुसरं काही उगवलं नव्हतं.

दिवाळीनंतर एका दुपारी दादांचाच फोन आला. मामांनी ऐकलं, फोन माझ्या हातात दिला आणि चप्पलही न घालता रस्त्यावर गेले.

"आपलं भात निघालं!" त्यांनी गल्लीला ओरडून सांगितलं. "कोपरा गेला, बाकी सारं निघालं!"

समोरचे तात्या दारात आले. "भात? ह्या दुष्काळात? कवा पेरलतं बे?"

"पेरलं न्हाई," मामा डोळे पुसत हसले. "बुडवता बुडवता वाचवलंय."