कूलरमधली बाळंतीण

कूलरमध्ये नवीन खस बसवली की ओल्या गवताचा वास येतो आणि मला या शहरात एकटी आले तेव्हाची वाडीतली माझी भाड्याची खोली आठवते. मांजर पाळायचं नाही, असं घरमालकीण काकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, तरी मी एका भुऱ्या मांजरीला चोरून दूध द्यायची. एप्रिलमध्ये काकू माझ्या खिडकीतला बंद कूलर सुरू करायला आल्या. त्यांनी जाळी काढली, तर आत जुन्या गवतावर ती पिल्लांना पाजत होती. आता आम्हा दोघींनाही बाहेर काढणार, अशी मला भीती वाटली. "काहून वं, मले सांगाले काय झालं होतं?" काकू कुजबुजल्या आणि त्यांनी जाळी हलकेच परत लावली. "बाळंतिणीले कोणी उठवते काय? पिल्लं चालाले लागले का लावू कूलर. तोवर तू माह्या खोलीत झोप." मग रोज त्या तिच्यासाठी दूध-पोळी कुस्करायच्या आणि स्वतःच्या पलंगाशेजारी माझी गादी घालायच्या. ती मांजर आता माझ्याबरोबर रामदासपेठेतल्या नव्या घरी राहते. काकूंचा फोन आला की त्या आधी तिची खुशाली विचारतात, मग माझी. मला त्याचं वाईट वाटत नाही. या शहरात मला विचारणारं माणूस तिनेच तर मिळवून दिलं.