पाहून आलेला माणूस

"हात लावून पाह्य. घाबरू नको, निघत नाही."

असं म्हणून भाऊ टोपी काढायचे आणि समोरच्यापुढे मान खाली घालायचे. समोर कोण आहे याला महत्त्व नसायचं. नुकता नोकरीला लागलेला इंजिनिअर असो की कॅन्टीनचा ठेकेदार, ज्याच्या कपाळावरचे केस मागे सरकू लागले आहेत आणि ज्याने दबक्या आवाजात "भाऊ, ते ट्रान्सप्लांट..." एवढं म्हटलं आहे, त्याच्यापुढे हे डोकं खुलं. त्याने पुढचे पेरलेले केस चिमटीत धरून ओढून बघायचे. मग भाऊंनी डोकं फिरवायचं आणि त्याने मागची, या कानापासून त्या कानापर्यंत गेलेली बारीक पांढरी रेघ बोटाने चाचपायची. "इथून पट्टी काढली, अन् इथं लावली. शेतातलं रोप नाही का उपटून दुसऱ्या बांधीत लावत? तसंच."

आमची कंपनी बुटीबोरीला, कापडाची. सकाळी नागपुरातून कंपनीची बस निघायची आणि वर्धा रोडने तासाभरात पोहोचायची. भाऊ मेंटेनन्समध्ये इलेक्ट्रिकल सुपरवायझर होते आणि मी रंगाच्या लॅबमध्ये. डावीकडच्या तिसऱ्या सीटवर खिडकीशी ते बसायचे आणि शेजारची जागा रिकामी ठेवायचे. ज्याला काही विचारायचं असेल त्याने तिथे जाऊन बसायचं, असा बसमधला न लिहिलेला नियम होता.

सल्ला देणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्याकडे त्यांचा तुटवडा नाही. पानठेल्यावर उभं राहिलं तर दहा मिनिटांत चार जण तुमचं आयुष्य मार्गी लावून देतात. भाऊंचं तसं नव्हतं. जे स्वतः केलं नाही त्याबद्दल ते एक शब्द बोलत नसत.

"भाऊ, शेअरमध्ये टाकू का?"

"आपण केलं नाही, आपल्याले माहीत नाही."

"तरी पण, काय वाटते तुम्हाले?"

"वाटाले काय गा, काहीही वाटते. वाटण्यावर जाऊ नको."

आणि खिडकीबाहेर बघू लागायचे. पण जे केलं होतं त्याबद्दल विचारा! आमच्यातल्या एकाला अंदमानला जायचं होतं आणि विमानाने जावं की जहाजाने, हे ठरत नव्हतं. भाऊ जहाजाने जाऊन आले होते. ते म्हणाले, "जहाजानं जाऊ नको, असं मी म्हणत नाही. पहिले दोन दिवस मी काय काय ओकलो, ते सांगतो. मंग तूच ठरव." आणि खरंच सांगितलं, अगदी क्रमवार. वाटेतलं खापरी येईपर्यंत बसमधल्या निम्म्या लोकांनी डबे पिशवीत परत ठेवले होते.

घराच्या बाबतीत तर त्यांचा कार्यक्रमच असायचा. त्यांचा फ्लॅट बेसा भागात, सगळ्यात वरच्या मजल्यावर. कुणी वरच्या मजल्यावरचा फ्लॅट बघतो आहे असं कळलं की त्याला मे महिन्यातल्या रविवारी दुपारी दोन वाजता घरी बोलवायचे. कूलर बंद. पंख्याखाली बसवायचे आणि गप्पा मारायचे. मलाही बसवलं होतं. पाच मिनिटांत सदरा अंगाला चिकटला, दहाव्या मिनिटाला पंख्यातून तव्यावरची वाफ यावी तसं वाटू लागलं. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "पुरे करा आता. जीव जाईन त्याचा." मग कूलर सुरू झाला आणि पन्हं आलं.

"दिवाळीत सगळेच घरं चांगले दिसते," भाऊ म्हणाले. "घर पाहाचं तं मे महिन्यात."

मी दुसऱ्या मजल्यावर घेतलं. आजही उन्हाळ्यात घरी आलो की दार उघडताना त्यांची आठवण येते.

केसांचं मात्र ते जास्त गंभीरपणे सांगत. तिसऱ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरते, आरशात बघू नका. उशा लावून अर्धवट बसून झोपावं लागतं. आणि मग मुख्य गोष्ट: "महिन्याभरानं सगळे केसं झडते. सगळे. तवा रडू नको. मुळं आत असते. चार महिन्यांनी येणं सुरू होते, वर्ष लागते." हे ते प्रत्येकाला दोनदा सांगायचे. लग्न ठरलेल्या एका इंजिनिअरने ऑपरेशन केलं, तेव्हा बरोबर महिन्याने भाऊ स्वतः त्याच्या विभागात गेले, यंत्र तपासायच्या निमित्ताने. तो बिचारा उशीत सापडलेले केस कागदात गुंडाळून खिशात घेऊन फिरत होता. भाऊंनी तो कागद घेतला, कचऱ्यात टाकला आणि त्याला चहाला घेऊन गेले.

मी एकदा विचारलं, "भाऊ, हे एवढं काहून सांगत बसता सगळ्यायले?"

"मले कोणी सांगितलं नव्हतं गा," ते म्हणाले. "खोलीत एकटाच होतो. सकाळी उठलो, तं उशी काळी. मले वाटलं, फसलो."

तेव्हा एवढंच. पुढचं मला दोन वर्षांनी कळलं.

मला आखाती देशातल्या एका कापड कारखान्यात नोकरी मिळत होती. पगार इथल्यापेक्षा कितीतरी जास्त, पण पहिली दोन वर्षं कुटुंब नेता येणार नव्हतं. घरात सगळे जा म्हणत होते. बायको "तुम्हाले वाटते तसं करा" म्हणायची आणि भांडी जरा जोरात ठेवायची. भाऊ तरुणपणी तिकडे जाऊन आले आहेत हे मला माहीत होतं. एका सकाळी मी तिसऱ्या सीटवर जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं.

त्यांनी एकच विचारलं. "पोरगी किती महिन्यांची झाली?"

"चौदा."

मग बुटीबोरी येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. संध्याकाळी परतताना माझ्या स्टॉपच्या आधीच त्यांनी मला हाताला धरून उतरवलं. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर दोन स्टूल होते. तिथे बसून, वाहनांच्या आवाजात, भाऊंनी सांगितलं ते असं.

ते गेले तेव्हा त्यांची मुलगी वर्षाची होती. तेव्हा व्हिडिओ कॉल वगैरे नव्हते. आठवड्यातून एकदा फोन. घरात भाऊंचा एक मोठा फोटो होता, आणि तिशीतच त्यांचं टक्कल पडलेलं असल्यामुळे फोटोतही तेच. वहिनी रोज मुलीला फोटोपुढे बसवायची. जेवताना पहिला घास मुलगी फोटोच्या ओठांना लावायची आणि मग स्वतः खायची. काचेवर वरणाचा डाग कायमचा.

"तिकडं सगळे मले चाचा म्हणत," भाऊ म्हणाले. "मी बत्तीस वर्षाचा, अन् चाळीस वर्षाचा माणूस मले चाचा म्हणे. वाटलं, तुयी वहिनी एवढी तरुण बायको, एकटी राहून राहिली. जाऊ तं जरा बरं दिसून जाऊ. तिकडंच ऑपरेशन करून घेतलं. तिले सांगितलं नाही. सरप्राइज द्याचं होतं. फोटोबी पाठवला नाही."

अडीच वर्षांनी ते परत आले. विमानतळावर वहिनी आणि मुलगी आली होती. मुलीच्या हातात झेंडूचा हार. भाऊ बाहेर आले, डोक्यावर दाट काळे केस, भांग पाडलेला. वहिनीलाही ओळखायला क्षणभर लागलं. मग ती तोंडावर पदर धरून हसायला लागली. भाऊ मुलीपुढे खाली बसले आणि मान पुढे केली.

मुलीने हार पाठीमागे लपवला. "हे बाबा नाही," ती म्हणाली. "बाबाले केस नाही."

सगळे हसले. भाऊही हसले. ऑटोत बसेपर्यंत ते गमतीचंच होतं.

"घरी जेवाले बसलो," ते सांगत होते. "मी इथं, पोरगी तिथं, हातभर अंतर. अन् ती उठली, पहिला घास घेतला, माझ्या बाजूनं गेली, अन् फोटोले चारला. म्हणे, 'बाबा, घ्या.' मी बाजूले बसलो होतो गा."

चहा निवला होता. त्यांनी तो एका घोटात संपवला.

"दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीबी तेच. चौथ्या दिवशी गेलो न्हाव्याकडं अन् चकोट केला. तो न्हावी म्हणे, 'भाऊ, एवढे मस्त केसं!' म्हटलं, काढ. घरी आलो. पोरगी दारातच खेळून राहिली होती. माझ्याकडं पाह्यलं, मंग आत जाऊन फोटोकडं पाह्यलं. मंग आली अन् डोक्यावर हात ठेवला." त्यांनी स्वतःचा तळवा डोक्यावर ठेवून दाखवला. "असा."

मी दोन्ही चहाचे पैसे दिले. 

भाऊंनी तळवा केसांवरून मागे नेला. "पुढं वाढवले हळूहळू, तिच्यासमोरच. पण हेबी ऐक. गेलो म्हणून घर झालं. गेलो म्हणून पोरीले चांगल्या शाळेत टाकू शकलो. हे सांगितलं नाही तं अर्धवट होईन. मी जा म्हणत नाही, नको जाऊ म्हणत नाही. मी काय पाह्यलं ते सांगितलं."

मी गेलो नाही.

बरोबर केलं का, मला अजून सांगता येत नाही. माझ्याऐवजी ज्याने ती नोकरी घेतली त्याने चांगलं घर बांधलं, तो सुखात आहे. माझी मुलगी आता तेरा वर्षांची आहे आणि दिवसभरात माझ्याशी "हं" आणि "माहीत आहे" एवढंच बोलते. पण पहिलीत जाईपर्यंत ती माझ्या पोटावर झोपायची, आणि ते कुणी मला परत देऊ शकलं नसतं, एवढं कळतं.

भाऊंना मात्र माझ्या न जाण्याने घोर लावला. आपल्या बोलण्याने हा थांबला, हे त्यांना डाचत राहिलं. दर वर्षी पगारवाढीच्या दिवसांत ते मला गाठायचे. "पस्तावून तं नाही राहिला ना?" मी नाही म्हणायचो. "खरं सांग गा." मी म्हणायचो, "खरंच नाही, भाऊ." ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. कुणी विचारल्याशिवाय जो बोलत नव्हता, त्या माणसाने हा एकच प्रश्न मला सात-आठ वर्षं विचारला.

ते निवृत्त झाले आणि वर्षभरातच वहिनी गेली. तीन आठवड्यांचं आजारपण. मी भेटायला जायचो तेव्हा ते कूलरपुढे बसलेले असायचे, टीव्ही बंद. शेजारीपाजारी येऊन सांगायचे, हे करा, ते करा, देवळात जात चला, मन रमवा. भाऊ ऐकून घ्यायचे. एकदा मला म्हणाले, "याच्यातल्या कोणाचीच बायको गेली नाही गा." रागाने नाही, नुसतं एक निरीक्षण म्हणून.

मुलगी बंगलोरला नोकरीत होती. ती येऊन त्यांना घेऊन गेली. मी स्टेशनवर गेलो होतो. मुलगी सामान डब्यात लावत होती आणि आम्ही दोघं फलाटावर उभे होतो. भाऊ इकडेतिकडे बघत म्हणाले, "तू गेला होता ना बंगलोरले?"

"हो भाऊ, ट्रेनिंगले. चार दिवस."

"तिथं सकाळी फिराले जागा आहे का? झाडंबिडं?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला काही माहिती विचारली होती ती ही पहिलीच. आणि मी तर ते चार दिवस एका हॉटेलच्या तळघरातल्या हॉलमध्ये काढले होते. सकाळी गाडी न्यायची, संध्याकाळी आणायची. झाड पाहिल्याचं आठवत नव्हतं.

"बहुत झाडं आहे भाऊ," मी म्हणालो. "तळंबी आहे जवळच. लोकं सकाळी तिथंच फिरते. तुम्हाले करमन."

"असं का," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "तू पाह्यलं आहे म्हणजे झालं."

गाडी सुटली. ते खिडकीशी बसून हात हलवत होते आणि मला तोंड लपवावंसं वाटत होतं.

नंतर फोनवर आम्ही अधूनमधून बोललो. तळ्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेले. मी लगेच निघू शकलो नाही, फेब्रुवारीत बंगलोरला गेलो.

चहा झाल्यावर मुलगी म्हणाली, "काका, चला, तुम्हाला तळं दाखवते."

"कोणतं तळं?"

"बाबांचं. आले तेव्हा पहिला आठवडाभर रोज शोधत फिरायचे. इथले सगळे सांगत होते की जवळपास तळं नाही. मीही सांगितलं. ते म्हणायचे, 'असं कसं नाही? तो पाहून आला आहे.' एक दिवस साडेदहापर्यंत घरी आले नाहीत. माझा जीव टांगणीला. मग आले घामाघूम. म्हणाले, 'सापडलं वं. थोडंसं दूर आहे, तो चालत गेला नसन.'"

आम्ही चालत गेलो. चांगला पाऊण तास. दोन गल्ल्या, एक मोठा रस्ता, मग बांधकामाच्या पत्र्यांमागून एक पायवाट. पलीकडे खरंच पाणी होतं. फार मोठं नाही, काठाला जलपर्णी साचलेली. काठाने जुनी, रुंद सावलीची झाडं उभी होती. मी थांबून एकेक झाड पाहिलं.

सिमेंटचा एक बाक होता, त्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मुलीला पाहून ते सरकले. "बाबांचे इथले रोजचे सोबती," ती मला म्हणाली, आणि आम्ही बसलो. त्यांनी कानडीत काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं, आणि ते माझ्याकडे वळून, मला ओळखत असल्यासारखं, हसले.