रूपराव चाफले आणि पन्नास वॅटचे केंद्र

नव्वदच्या दशकात वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावात रूपराव चाफल्यांना चेहऱ्यापेक्षा आवाजावरून ओळखणारी माणसे जास्त होती. सायकलरिक्षाच्या टपावर भोंगा, सीटखाली बॅटरी आणि हातात माईक, असे ते गावभर फिरत. सर्कस, कापडाचा सेल, नळ बंद राहण्याची सूचना, निवडणुकीचा प्रचार, सारे गावाला त्यांच्याच तोंडून कळे. तान्ह्या पोळ्याला, पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, गर्दीत हरवलेली पोरे रूपरावांनी नाव पुकारताच रडायची थांबत, असे सांगणारे अजून भेटतात. त्याला पुरावा कसलाच नाही. रोज दारावरून जाणारा आवाज कोणी टेप करून ठेवत नसते.

१९९७ मध्ये गावातल्या एका संस्थेत काम करणारा प्रफुल त्यांच्याकडे आला. लहान गावांनाही आता स्वतःचा रेडिओ काढता येईल, असे त्याने कुठेतरी ऐकले होते.

"भाऊ, केंद्र सुरू झालं का पयला आवाज तुमचा."

"कवा होते मंग?"

"वर्स-दोन वर्सात."

संध्याकाळी ही बातमी पानठेल्यावर पोचली. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता ठेलेवाले बंडूजी म्हणाले, "बरं झालं. आता रूपरावभाऊले बटन दाबून चूप करता येईन!" सगळे हसले. सर्वांत मोठ्याने रूपराव हसले आणि त्यांनी खर्ऱ्याची पुडी तोंडात रिकामी केली. खर्ऱ्याशिवाय घसा मोकळा होत नाही, अशी त्यांची समजूत होती. एका फेरीला एक पुडी तरी लागेच.

वर्ष-दोन वर्षे सरली. आधी परवानगी फक्त शिक्षणसंस्थांना मिळाली. इतर संस्थांचा क्रमांक लागायला आणखी काही वर्षे गेली. मग अर्ज दिल्लीत अडकला. रूपराव प्रफुलला गाठून विचारत राहिले, आणि याच वर्षांत त्यांचे तोंड मिटू लागले. आधी तिखटाने आग होई. पुढे भाकरीचा तुकडा बारीक करावा लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितले तेव्हा दोन बोटेही आत जाईनात. खर्ऱ्याने गालांची आतली कातडी आखडली होती. रूपरावांनी खर्रा सोडला, पण तोंड सैल झाले नाही. बोलणे अडखळू लागले, तशी रिक्षाही दुसऱ्याला द्यावी लागली, आणि चारचौघांत बोलणे त्यांनी सोडले.

डॉक्टरांनी सांगितले म्हणून ते रोज सकाळी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक दातांत रचत. आणखी एक काडी आत सरकवताना डोळ्यांतून पाणी येई.

"पुरे करा न जी," त्यांची बायको यशोदाबाई म्हणत, "रगत येऊन राह्यलं."

"रेडिओ येऊन राह्यला न," ते काड्यांमधून म्हणत. ते फक्त यशोदाबाईंनाच कळे.

२००९ मध्ये संस्थेच्या गच्चीवर मनोरा उभा राहिला. यंत्र पन्नास वॅटचे, पल्ला जेमतेम दहा-बारा किलोमीटर. इस्त्रीचा सदरा घालून रूपराव माईकसमोर बसले आणि गावाला नमस्कार करणारे वाक्य बोलले. प्रफुलने ते परत ऐकले. मग हेडफोन काढला.

"भाऊ, शब्द समजून नाई राह्यले."

रूपराव उठले नाहीत.

"एक काम हाय," प्रफुल चाचरत म्हणाला. "खर्रा सोडा, अशी सूचना रोज द्याची हाय. तिच्यासाठी तुमचाच आवाज पाह्यजे. असाच."

घरी यशोदाबाईंनी हे ऐकले आणि त्या चुलीपुढून उठल्याच. "नका जाऊ. लोकाईच्या कानात तुमचा तो पयलेचा आवाज हाय. तोच राहू द्या."

पण रेडिओत शिरायला दुसरे दार नव्हते. नाव सांगायचे नाही, एवढी अट घालून रूपरावांनी सूचना रेकॉर्ड करून दिली.

पहिल्या प्रसारणाच्या वेळी ते पानठेल्यापाशी उभे होते. रेडिओतून जड, चिकटलेले शब्द आले, "मी खर्रा खात होतो. आता माझं तोंड उघडत नाही."

"कोन होय बाप्पा हा?" एक गिऱ्हाईक म्हणाले. "पेऊन बोलून राह्यला काय?"

बंडूजींचे घोटणारे हात थांबले नाहीत. "असंन कोनी बाहेरगावचा."

रूपराव त्यांच्याकडे पाहत राहिले. बंडूजी ओळखूनही लपवत असतील, ही शेवटची आशा होती. पण त्यांच्या चेहऱ्यावर लपवण्यासारखे काहीच नव्हते. बंडूजींनी रेडिओचा काटा फिरवून सिनेमाची गाणी लावली.

रूपराव तसेच केंद्रावर परतले. "नाव टाक," ते प्रफुलला म्हणाले. हे दोन शब्दही त्याने दोनदा विचारून घेतले.

सूचना नव्याने रेकॉर्ड केली. बाकीचे कसेबसे कळत होते. नावच तेवढे कळत नव्हते.

"भाऊ, नाव मी घेऊ काय? तुमच्या आधी?"

रूपरावांनी नकारार्थी मान हलवली आणि माईक ओठांजवळ ओढला. प्रफुलने बटण दाबले. रूपराव आपले नाव बोलले. प्रफुलने ऐकले, मान वर न करता बोटाने आणखी एकदा अशी खूण केली, आणि रूपराव पुन्हा बोलले.