दस्ता नसलेली बंदूक

बंदूकवाल्या माणसाशेजारी रोज बसून बघा. किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपणहून गाडीत येऊन बसतात. मी नाशकात एटीएममध्ये पैसे भरणारी कॅशव्हॅन चालवतो. माझ्या डाव्या हाताला देवरे मामा, आमचे गनमन. सटाण्याचे, अहिराणी वळणाचं बोलणारे, मिलिटरीतून रिटायर झालेले हवालदार. एवढ्या वर्षांत ड्युटीवर आम्ही एकदाही गोळी झाडलेली नाही, तरी बंदुकीचे किस्से ढीगभर! त्यातले बरेचसे एकाच बंदुकीचे. ती आता आमच्याकडे नाही. बरं झालं.

*

आधी मामांकडे साधी बारा बोअर होती. लांब नळी आणि मागे खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता. बंदूक चांगली, पण गाडीत मावायची नाही. मामा पुढे बसले की नळी खिडकीतून बाहेर.

एकदा द्वारका चौकाच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने मान वळवली. नळी त्याच्या कानापाशी! सिग्नल सुटला, मागचे हॉर्न मारायला लागले, पण हा पठ्ठ्या हलेना.

"काका, तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. "मला कसलीच घाई नाही."

हे निकम सरांच्या कानावर गेलं. निकम सर म्हणजे आमच्या एजन्सीचे मालक. माणूस कडक, आणि मोबाईलवर परदेशी बंदुकांचे व्हिडिओ बघायचा भारी नाद. पुढच्याच महिन्यात त्यांनी नवी बंदूक आणली. पंप ॲक्शन, पिस्तूल ग्रिप. म्हणजे मागचा दस्ताच नाही. त्या जागी पिस्तुलासारखी नुसती मूठ.

"मॉडर्न लुक, मामा! गाडीत मावते, अरुंद जागेत झटकन फिरते. जवळून तर हिच्यासारखी दुसरी नाही!"

मामांनी ती उलटीसुलटी करून बघितली.

"सर, हाई बंदूक शे का ड्रिल मशीन?"

खोटं कशाला बोलू, गाडीत ती मावली. हा झाला पहिला फायदा. दुसरा मी अजून शोधतोय.

*

तोटा मात्र पहिल्याच दिवशी कळला. तोटा होता मामांच्या उजव्या गुडघ्यात.

आमची कस्टोडियन प्रियंका मशीनमध्ये पैसे भरते, तोवर गनमनने दाराशी उभं राहायचं. बसायचं नाही. निकम सरांचा नियमच आहे. "ड्युटीवर बसलेला गनमन मला दिसला, की तो कायमचा घरी बसला समजा!"

जुन्या बंदुकीचं बरं होतं. काडतुसं कमरेच्या पट्ट्यात, रिकाम्या बंदुकीचा दस्ता फरशीवर, हात नळीवर आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर. लोक म्हणायचे, काय रुबाब आहे म्हाताऱ्याचा! कसला रुबाब? ती मामांची काठी होती. नवी बंदूक फरशीवर टेकवली तर मामांच्या मांडीलाही पुरत नव्हती.

"मामा, सरांना सांगून टाका," मी म्हटलं.

"नको रे गणेश. गुडघा जरा रुसेल शे, एवढंच. धाकटीचं नर्सिंगचं शेवटलं वर्ष हाय. ती पास होऊ दे, मग मीच घरी बसतो."

मी आणि प्रियंकाने तेव्हाच ठरवलं. गुडघ्याचं नाव काढायचं नाही.

*

पंचवटीत एका एटीएमसमोर फुलं विकणाऱ्या मावशी बसतात. मामांना रोज बघणाऱ्या. नवी बंदूक बघून बाई कळवळल्या.

"अगं बाई! अर्धीच दिली तुम्हाला?"

"मॉडर्न लुक आहे, मावशी," मी म्हटलं.

"असू दे, असू दे. बाकीची देतील दिवाळीला."

*

लासलगावला मशीन अडकलं. प्रियंका आत खटपट करतेय, बाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरची रांग, आणि मामांना टेकायला काही नाही. त्यांनी शेजारच्याच बँकेच्या काचेच्या दाराचं हँडल घट्ट धरलं. आता दार म्हटल्यावर लोक येणार-जाणार. जो येईल त्याच्याबरोबर दार उघडायचं आणि दाराबरोबर मामा!

एका व्यापाऱ्याला ते फारच भावलं. त्याने बँकेच्या मॅनेजरला सांगितलं, मॅनेजरने निकम सरांना फोन केला. "तुमचा गनमन काय अदबशीर आहे हो! प्रत्येकाला स्वतः दार उघडून देतो."

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर सरांचा मेसेज. यापुढे सर्व गनमननी ग्राहकांना दार उघडून द्यावे.

बाकीचे गनमन अजून मामांना शिव्या देतात.

*

वणीला वेगळीच तऱ्हा. गडावर जाणाऱ्या पोरांनी बंदूक बघितली आणि मामांना घेरलं. "मामा, एक सेल्फी!" मला वाटलं, आता मामा मिलिटरी आवाजात हाकलणार. पण सेल्फी काढणारा अगदी चिकटून उभा राहतो. मामांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला, भार टाकला, आणि चेहरा असा खुलला की काय सांगू!

त्या दिवसापासून मामांनी सेल्फीला कधी नाही म्हटलं नाही. कुणी मागितला नाही तर स्वतः विचारायचे.

"फोटो काढता का, भाऊ? निवांत काढा. घाई नाही."

*

निवडणूक लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. आम्हाला सूट असते, पण सूट मिळाल्याचा कागद यायला वेळ लागला, म्हणून तोवर आमचीही जमा. तिथे भिंतीला लाकडी खाचा होत्या, त्यांत सगळ्यांच्या बंदुका दस्त्यावर ओळीने उभ्या. आमची ठेवली, धाडकन खाली. पुन्हा ठेवली, पुन्हा धाडकन! ठाण्यातले हवालदार वैतागले.

"अहो, ही उभीच राहत नाही!"

"साहेब," मामा म्हणाले, "हिच्यापायी मी बी नाही राहत."

शेवटी हवालदारांनी तिला स्वतःची खुर्ची दिली. पावती होईपर्यंत बंदूक बसलेली आणि मामा उभे.

*

आणि मग आली गोळीबाराची प्रॅक्टिस.

बँकेचे सिक्युरिटी ऑफिसर, रिटायर्ड मेजर, स्वतः बघायला येणार होते. ज्याला ते अनफिट म्हणतील त्याचं नाव कटणार. इकडे मामांच्या धाकटीची परीक्षा तोंडावर आली होती.

शहराबाहेरच्या रेंजवर सकाळी सगळे हजर. निकम सर म्हणाले, "आधी मी दाखवतो." बंदूक डोळ्यासमोर धरून नेम घेतला, अगदी व्हिडिओतल्यासारखा.

"सर, कमरेशी धरा," मामा म्हणाले. "हिला खांदा नई. धक्का तोंडावर येईल."

"मामा, मी बघितलंय हे!"

धाड! छर्रे कुठे गेले ते देवाला ठाऊक. बंदूक मात्र थेट सरांच्या नाकावर आली. रुमाल लालभडक झाला.

"नेक्स्ट," मेजर म्हणाले.

नेक्स्ट मामा. बंदूक कमरेशी, मूठ गच्च, पाय रोवलेले. धाड! समोरच्या कागदाच्या मधोमध भगदाड पडलं. आणि त्याच क्षणी गुडघा दुमडला. मामा मातीत एका गुडघ्यावर बसले.

 

"ये क्या है?" मेजरांनी विचारलं.

मामांनी मानसुद्धा वळवली नाही. "नीलिंग पोझिशन, सर!"

"व्हेरी गुड! अब उठो."

मामा उठले नाहीत. उठता येतच नव्हतं. कानशिलावरून घाम ओघळत होता. प्रियंकाने माझी बाही घट्ट धरली. मेजर एक पाऊल पुढे आले.

तेवढ्यात निकम सर नाकावर रुमाल दाबून, झोकांड्या खात मध्येच घुसले आणि मामांच्या शेजारी मटकन बसले.

"मामा, मला चक्कर येतेय. धरा मला!"

मामांनी त्यांना धरलं, त्यांनी मामांना धरलं. दोघं एकमेकांच्या आधाराने उठले आणि तसेच खांद्याला खांदा लावून गाडीपर्यंत गेले. मेजर बघत राहिले.

"आदमी अच्छा है," ते मला म्हणाले. "मालिक को संभालता है."

मामा फिट! सरांना खरंच चक्कर आली असेल, नसेल. मला कोण विचारतंय, मी ड्रायव्हर.

*

दुसऱ्या दिवशी निकम सर ऑफिसात आले ते नाकावर पट्टी लावून. "पिस्तूल ग्रिप बंद! मामांची जुनी बंदूक काढा."

कपाटातून बारा बोअर बाहेर आली. मामांनी ती हातात घेतली, दस्ता फरशीवर टेकवला आणि थबकले. आवाजच झाला नाही. त्यांनी बंदूक उलटी करून बघितली. दस्त्याखाली जाड काळं रबर बसवलेलं होतं. म्हाताऱ्या माणसांच्या काठीला असतं ना, तसलं. नीट मापात कापून, स्क्रू मारून.

"सर, हे काय?"

निकम सरांनी मोबाईलमधून मान वर केली नाही.

"फरशीला ओरखडे पडतात," ते म्हणाले. "बँकेची तक्रार होती."