त्यांना रडणारी प्रेक्षक पाहिजे होती

"वडील काय करतात?"

हॉलमध्ये बसलेल्या बाकी कुणालाच हा प्रश्न विचारला नव्हता. फक्त मला. माझं आडनाव ऐकलं आणि टीव्ही शो काढणारा तो कंपनीवाला हिंदीतून एकदम मराठीत आला. आधी म्हणाला, "महूकडचे का तुम्ही?" मी म्हणाले, इंदूरचेच. मग वडील.

"कृष्णपुऱ्याला बसतात. चपला शिवतात."

त्याचा चेहरा खुलला. कॅमेरावाल्याला म्हणाला, "भिया, इनको आगे बिठाओ."

मी पुढे जाऊन बसले. नवी कुर्ती घालून आले होते. वाटलं, माझं मत ऐकायचंय.

टीव्हीवरची ती धंद्याची स्पर्धा. नवे धंदेवाले येतात, समोर बडे शेठ बसतात, पटलं तर पैसा लावतात. यंदा शोचा ढाचा बदलला होता, म्हणून प्रेक्षकांना बोलावून विचारत होते, कसं वाटलं. मी इंदूरजवळ राऊ गावच्या एका कॉलेजात अकाउंट्स शिकवते. बाबा आणि मी हा शो पहिल्यापासून जेवताना बघायचो. भांडायचो. बाबा म्हणायचे, याला द्यायला पाहिजे. मी म्हणायचे, अजिबात नाही, बुडेल. आधी तिथे फक्त मालाबद्दल विचारायचे. खर्च किती, नफा किती. बस.

आता 'संघर्ष फेरी' आली. एका भागात चामड्याच्या बॅगा बनवणारा एक तरुण आला होता. बॅगांवर त्याला बोलूच दिलं नाही. आधी त्याची झोपडी दाखवली. मग आईला स्टेजवर आणलं. मग एका शेठनं बूट पुढे केला. "दिखाओ, कैसे करते थे पॉलिश."

त्यानं केलं. सगळे शेठ उभे राहिले, टाळ्या, डोळ्यांना रुमाल. बाबांनी ताट सरकवलं. हात धुवायला उठले ते परत टीव्हीसमोर आले नाहीत.

हॉलमध्ये मी हेच सांगितलं. म्हणाले, ही फेरी काढून टाका. धंदा बघायला बसतो आम्ही, कुणाची लाज बघायला नाही.

शेजारी एक मराठी गृहस्थ होते. पणजोबा संस्थानात दिवाण होते, हे त्यांनी स्वतःच्या नावाच्या आधी सांगितलं होतं. ते हसले. "अहो बाई, तुम्हा लोकांची तर सोयच झाली की! कोटा आता टीव्हीवर पण."

हॉल हसला. कंपनीवाला पण हसला. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "मॅडम, एवढंच बोला, ही फेरी बघून मला पापा आठवले. आणि जरा डोळ्यांत पाणी आलं तर मस्त होईल."

रडू येतच होतं. खरंखुरं. पण तिथे एक थेंब जरी पडला असता, तर तो त्यांचा झाला असता. त्यांनी तो विकला असता.

मी गिळलं.

"रडणार नाही. कॅमेरा चालू ठेवा. काका, तुमच्या पणजोबांवर तुम्हाला कुणी रडायला लावलं? मग माझ्या बापावर मी का रडू? माझा बाप काम करतो. भीक नाही मागत."



"कट कर," कंपनीवाला म्हणाला. "मॅडम, ये यूज़ नहीं होगा."

"मग सगळंच पुसा. माझं तोंडसुद्धा. माझ्यासमोर."

मागून एक बाई म्हणाली, "जाने दो ना, इतनी सी बात!" मी कॅमेऱ्यापाशी जाऊन उभी राहिले. पुसल्याशिवाय हलले नाही.

घरी बाबांना सांगितलं. वाटलं होतं, पाठीवर हात ठेवतील. ते म्हणाले, "गेलीच कशाला तू? क्या जरूरत थी?" आणि तोंड फिरवलं. राग माझ्यावर होता की शोवाल्यांवर, कळलं नाही. मी विचारलंही नाही.

शो मी अजून बघते. आता एकटी. मी सोडला तर त्यांना बरंच आहे. ती सोय मी त्यांची करणार नाही. नेटवर दर भागाखाली लिहिते, ही फेरी बंद करा. खाली शिव्या येतात. जातीवरून येतात. मी उत्तर देते आणि पुढच्या आठवड्यात परत लिहिते.

माझ्या वर्गातल्या पोरी उद्या धंदा काढतील. त्यांना मी ताळेबंद शिकवते आणि सरळ सांगते, मालाचा भाव सांगा, घरची गरिबी विकायला काढू नका. कुणी मागितलीच, तर माल उचला आणि बाहेर पडा.